रंगाखाली पुट्टी: स्केगच्या दुरुस्तीत झालेली फसवणूक

आउटबोर्ड मोटरचा (बोटीच्या मागे बाहेरून लावतात त्या इंजिनाचा) तुटलेला स्केग वेल्डिंग करून देतो असं सांगून एका दुरुस्तीवाल्याने माझ्याकडून वेल्डिंगचे पैसे घेतले, आणि पुट्टी भरून, वरून रंग मारून मोटर परत दिली. अशी फसवणूक करणं फार सोपं आहे आणि रंग चढल्यावर ती ओळखणं फार अवघड, म्हणून हे सविस्तर लिहितोय. ज्यांच्या मोटरचा स्केग तुटलाय आणि दुरुस्त करावा की तसाच ठेवावा या विचारात जे आहेत, त्यांनी मोटर कुणाच्या ताब्यात देण्याआधी हे वाचावं.

मोटरचा पाण्यात फिरणारा जो पंखा (प्रॉपेलर), त्याच्या खाली माशाच्या परासारखं जे पातं असतं, तो स्केग. बहुतेक मोटरींत गिअरकेस (पंखा फिरवणारे गिअर ज्यात असतात ते खालचं आवरण) आणि स्केग हे अ‍ॅल्युमिनियमचं एकच ओतकाम असतं. त्यामुळे नुसता स्केग सुटा काढून नवा बसवता येत नाही, आणि नेमकं हेच लबाड माणसाच्या पथ्यावर पडतं. स्केग खडकाचा, वाळूचा, पाण्याखालच्या ओंडक्याचा पहिला मार स्वतः खातो आणि पंख्याला वाचवतो. शिवाय तो सुकाणूचंही काम करतो. वेग कमी केला, पंख्याचा जोर गेला, तरी बोट वळते ती बऱ्याच अंशी त्याच्या जिवावर. पंखा फिरताना हँडल एका बाजूला ओढलं जातं, ती ओढ आवरायलाही त्याची मदत होते.

आमच्या मोटरचा स्केग उथळ पाण्यात खडकाला लागून खालच्या टोकाशी तुटला. मागचा कोपरा गेला, वरचा बराचसा भाग शाबूत होता. बोट सरळ चालत होती, हँडल ओढत नव्हतं, थरथर नव्हती. आत काही बिघडलं नाही ना, एवढं बघून घ्यावं म्हणून मोटर दाखवायला नेली.

त्या माणसाने पंखा काढला नाही. गिअर ऑइलचा थेंबसुद्धा बाहेर काढून पाहिला नाही. तुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "साहेब, असंच चालवलंत तर गिअरबॉक्स बसेल. मग अख्खं लोअर युनिट घालावं लागेल." लोअर युनिट म्हणजे गिअरकेससकट मोटरचा सगळा खालचा भाग. मग जरा थांबून, "नाहीतर आर्गॉन वेल्डिंग करून देतो, कंपनीचा वाटेल असा." हा ठरलेला डाव आहे. आधी मोठ्या खर्चाची भीती घालायची आणि मग मधला खर्च पुढे करायचा, म्हणजे समोरच्याला सुटल्यासारखं वाटतं. काहीच न करणं हा तिसरा पर्यायही असतो, तो मात्र तोंडातून काढायचा नाही. माझा सगळ्यात जास्त राग त्यावर आहे. पुट्टी नंतरची गोष्ट, लबाडी त्या पहिल्या वाक्यातच होती. स्केगचं टोक गेल्याने गिअरबॉक्स बसत नाही. गिअरबॉक्स बसतो तो आत पाणी शिरल्याने किंवा दणक्याने शाफ्ट वाकल्याने, आणि त्या दोन्ही गोष्टी त्याने तपासल्याच नव्हत्या.

"रंग मारायच्या आधी एकदा बघून जातो," असं मी म्हटलं, तर "कशाला हेलपाटा घालता, फोटो पाठवतो की!" असं उत्तर मिळालं. फोटो आला. त्यात वेल्डिंगची सुंदर, एकसारखी शीर दिसत होती. त्या फोटोतली मोटर आमची नव्हतीच, हे पुढे कळलं. त्यातल्या गिअरकेसचा ड्रेन प्लग (ऑइल काढायचं बूच) पुढच्या टोकाजवळ होता, आमचा बाजूला आहे.

मोटर घरी आली ती नवी कोरी दिसत होती. बिलात वेल्डिंग, गिअर ऑइल, ऑइल सील आणि रंग, असं सगळं लावलेलं. अ‍ॅनोडवरही रंग फासलेला होता. जाणकाराला एवढ्यावरूनच शंका यावी. अ‍ॅनोड हा मुद्दाम झिजण्यासाठी बसवलेला धातूचा तुकडा, तो झिजतो म्हणून गिअरकेस गंजायची वाचते. त्यावर रंग चढला की तो असून नसल्यासारखाच. मोटरचं काम कळणारा माणूस अ‍ॅनोड झाकल्याशिवाय रंगाची फवारणी करत नाही.

पुढे एकदा खोल, मोकळ्या पाण्यात वळण घेताना हँडलला हिसका बसला. कुठे आपटलं नाही, घासलं नाही. मोटर वर उचलून पाहिली तर स्केगचा नवा भाग एका बाजूने सुटून लोंबकळत होता. हाताने ओढला तसा निघून आला. आत राखाडी पुट्टी, तिच्यात फायबरची जाळी, आणि आधाराला डोकी कापलेले दोन पोलादी स्क्रू, मूळ स्केगमध्ये भोकं पाडून घट्ट बसवलेले. त्या भोकांच्या तोंडाशी पांढरी भुकटी जमली होती. अ‍ॅल्युमिनियममध्ये पोलाद रुतवून दोन्ही पाण्यात बुडवलं की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, ही भुकटी त्याचीच. खाऱ्या पाण्यात तर हे फार झपाट्याने होतं. म्हणजे दुरुस्ती राहिली बाजूला, जो भाग धड होता तोही पोखरला गेला. पुट्टी जिथे दोन्ही बाजूंनी वर चढवली होती, तिथे खाली कंपनीचा जुना रंग तसाच होता, साधा पॉलिश पेपरसुद्धा मारलेला नव्हता. ड्रेन प्लग उघडला तर वॉशर जुनाच, चेपलेला, आणि ऑइल काळं. बिलातलं नवं ऑइल कुठे गेलं ते त्यालाच ठाऊक.

विचारायला गेल्यावर आधी "तुम्ही कुठेतरी आपटलं असणार" हे झालं. तुकडा समोर ठेवल्यावर म्हणाला, "आम्ही यालाच कोल्ड वेल्डिंग म्हणतो, बिलात वेल्डिंगच लिहिलंय." पैसे परत मिळाले नाहीत. तुकडा, स्क्रू, बिल, तो दुसऱ्याच मोटरचा फोटो, सगळं मी जपून ठेवलंय आणि लेखी तक्रार केली आहे.

पुट्टी वाईट असते असं नाही. गंजाने पडलेले बारीक खड्डे भरायला, रंगाआधी पृष्ठभाग सपाट करायला ती चांगलीच. पण स्केगच्या टोकावर पाण्याचा दाब बाजूने येतो आणि सगळा ताण जोडावर पडतो. वळणागणिक तो जोड इकडून तिकडे वाकवला जातो. तिथे चिकटवलेला भाग आज ना उद्या सुटणारच.

खरं वेल्डिंग कसं होतं हे नंतर एका जुन्या, भल्या मिस्त्रींनी मला त्यांच्याकडच्या दुसऱ्या मोटरवर दाखवलं. ते पाहिल्यावर कळलं की हे काम घाईचं नाही आणि ते लपवावंही लागत नाही. अ‍ॅल्युमिनियम साधारण 660 अंश सेल्सिअसला वितळतं, पण त्याच्यावर जो ऑक्साइडचा पातळ थर असतो तो 2000 अंशांच्याही वर. म्हणून आधी रंग पूर्ण खरवडायचा, तेलकटपणा अ‍ॅसिटोनने पुसायचा, आणि फक्त अ‍ॅल्युमिनियमसाठी राखून ठेवलेल्या स्टेनलेसच्या ब्रशने घासायचं. पोलादावर फिरलेला ब्रश चालत नाही. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं राहिलेल्या ओतकामात क्षार मुरलेले असतात. ते नीट निघाले नाहीत तर वेल्डिंगमध्ये बुडबुडे राहतात आणि जोड आतून सच्छिद्र होतो. टिग वेल्डिंग (यालाच आर्गॉन वेल्डिंग म्हणतात) एसी करंटवर, ओतकामाला चालणाऱ्या सिलिकॉनयुक्त 4043 सारख्या तारेने, मधे थांबत थांबत. कारण स्केगच्या लगेच वर गिअर, बेअरिंग आणि रबरी सील असतात. मिस्त्री मधेच गिअरकेसला हात लावून बघत होते. "हात ठेवता येईना, की थांबायचं," म्हणाले. ऑइल आधीच काढून ठेवलेलं होतं, आणि काम मोठं असेल तर आतले गिअरही बाहेर काढतो म्हणाले.

त्यांनीच आमची मोटर तपासली, आणि पहिल्या माणसाने जे करायला हवं होतं ते सगळं केलं. पंखा काढला. स्केग जिथे गिअरकेसला मिळतो त्या मुळाशी भिंगाने तडा शोधला. स्पार्क प्लगच्या वायरी काढून, गिअर न्यूट्रलला ठेवून प्रॉपेलर शाफ्ट हाताने फिरवला आणि त्याच्या टोकाशी एक तार स्थिर धरली. शाफ्ट वाकला असता तर टोक तारेजवळ येताना-जाताना दिसलं असतं. आमचा सरळ होता. ऑइल काळं होतं पण दुधाळ नव्हतं. दुधाळ म्हणजे आत पाणी शिरलंय. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी मऊ पेस्ट होती, ती नेहमीच्या झिजेची. धातूचे कण बोटाला टोचले असते तर गोष्ट वेगळी होती. शेवटी गिअरकेसमध्ये हवेचा हलका दाब देऊन सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं, कुठे फुगे येत नाहीत ना ते बघायला.

सगळं पाहून म्हणाले, "याला काही करू नका. कड कानशीने गोल करा, प्रायमर आणि रंग मारा." ती दोन भोकं तेवढी त्यांनी साफ करून वेल्डिंगने बुजवली. त्या खोट्या दुरुस्तीमुळेच तेवढं करावं लागलं, मूळ तुटीसाठी नव्हे.

थोडं टोक गेलंय, बोट सरळ चालते, हँडल ओढत नाही, मुळाशी तडा नाही, तर धारदार कड घासून उघडा धातू रंगाने झाकणं पुरतं. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर आधी त्याला चालणारा प्रायमर लागतो, आणि तांबं असलेला शेवाळरोधक रंग तिथे चुकूनही लावू नये, तो अ‍ॅल्युमिनियमला खातो. पातं बरंचसं गेलं असेल, वेगात हँडल सोडवत नसेल, वळताना बोट ऐकत नसेल किंवा पंख्याची पाती स्केगच्या खाली उघडी पडत असतील, तर दुरुस्ती करायलाच हवी. तडा गिअरकेसकडे चढत असेल तर मोटर वापरणं आधी बंद. स्टेनलेसचं कव्हर बोल्टने बसवण्याचाही पर्याय असतो आणि मला तो वाईट वाटत नाही. पण वर म्हटलेली गंजाची अडचण तिथेही आहेच, त्यामुळे दोन धातूंच्या मधे सीलंट हवं. शिवाय फार कडक कव्हरमुळे पुढचा दणका स्केगवर न थांबता वर गिअरकेसपर्यंत जाण्याची भीती असते. स्केगचा तुकडा गेलेला परवडतो, गिअरकेस फुटलेली नाही.

वेल्डिंग करायचंच ठरलं तर माझं एकच कळकळीचं सांगणं आहे: रंग लावण्याआधी उघडा जोड स्वतःच्या डोळ्यांनी बघा. फोटोवर विसंबू नका. अगदीच जाणं शक्य नसेल तर मोटरचा नंबर आणि जोड एकाच फोटोत मागा. बिलावर "टिग वेल्डिंग" असं स्पष्ट लिहून घ्या, आणि बदललेले सील आणि वॉशर परत मागा. चांगल्या कारागिराला याचा राग येत नाही. त्या मिस्त्रींनी जुने वॉशर न मागता हातात दिले.

जुनी मोटर विकत घेणाऱ्यांनी तर फारच जपावं, कारण असा रंगवलेला स्केग पहिल्या मालकाकडून दुसऱ्याच्या गळ्यात सहज पडतो. पान्ह्याच्या टोकाने वरपासून खालपर्यंत हलके टिचके मारा. धातूवर खणखणीत आवाज येतो, पुट्टीवर बद्द. लोहचुंबक फिरवून बघा. अ‍ॅल्युमिनियमला तो चिकटत नाही, पण आत साधे लोखंडी स्क्रू असतील तर ओढ लागते. स्टेनलेसचे असतील तर बहुधा लागणार नाही, म्हणून नुसत्या चुंबकावर भरवसा ठेवू नका. बाकी मोटरचा रंग विटलेला आणि खालचं पातं तेवढं चकाकतंय असं दिसलं, तर खालच्या कडेला नखाएवढा रंग खरवडू द्यायला सांगा. खाली चकचकीत धातू दिसला पाहिजे. राखाडी भुकटी निघाली, तर बाकीच्या मोटरीत काय काय झाकलंय ते ऑइल उतरवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.