गाडीतल्या सबसाठी (सबवूफर, खालच्या बासचा स्पीकर) अ‍ॅम्प घ्यायचाय: क्लास एबी की क्लास डी?

नुसता सब वाजवायचा असेल तर सरळ क्लास डी मोनोब्लॉक (एकाच चॅनेलचा अ‍ॅम्प) घ्या. एबीचा आवाज गोड म्हणतात, असेलही, पण ते दाराच्या स्पीकरला आणि ट्विटरला (बारीक सुरांचा छोटा स्पीकर), ८० हर्ट्झच्या खाली नुसता धडधडाट असतो, तिथे तो गोडवा कोणाच्या कानाला कळतो?

खरा फरक तापण्यात आणि बॅटरी खाण्यात आहे. एबीमधले ट्रान्झिस्टर अर्धवट उघडे राहून काम करतात म्हणून बरीच पॉवर उष्णतेत जाते, डीमधले एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद. (डी म्हणजे डिजिटल नाही बरं का, ए बी सी नंतरचं अक्षर एवढंच.) ५०० वॅट आरएमएस (सलग मिळणारी खरी पॉवर) काढायचे तर ५५ टक्के एफिशियन्सीचा एबी १३.८ व्होल्टला ६६ अँपिअर ओढतो, ८५ टक्केवाला डी ४३. माझा जुना एबी सीटखाली होता, अर्ध्या तासात त्यावर हात ठेववत नव्हता आणि रात्री प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंद व्हायचे.

डीची खोड म्हणजे स्वस्तातला असला तर एफएमवर खरखर येऊ शकते. आणि मोनोला बहुतेकदा लो पास फिल्टर (फक्त खालचे सूर जाऊ देणारा) कायमचा असतो, त्यामुळे दाराचे स्पीकर त्यावर चालत नाहीत, तेही चालवायचे असतील तर फोर किंवा फाइव्ह चॅनेल बघा.

घरात टू चॅनेल एबी पडूनच असेल तर ब्रिज करून (दोन्ही चॅनेल जोडून एक करून) वापरा की, पण आधी सबचे ओहम (त्याचा विद्युत अडथळा) बघा. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला अर्धेच ओहम दिसतात म्हणून बहुतेक अ‍ॅम्प ४ ओहमच्या खाली झेपत नाहीत. मी ड्युअल ४ ओहमचा (४-४ ओहमच्या दोन कॉइलचा) सब आणला, दोन्ही कॉइल पॅरलल जोडल्या, झाले २ ओहम, व्हॉल्यूम वाढवला की अ‍ॅम्प लाल दिवा लावून गप्प. सिरीजमध्ये ८ होतात, मग ४ ओहमच्या मानाने पॉवर साधारण निम्मीच मिळते. ब्रिजच करायचं तर ड्युअल २ ओहमचा सब घ्या, सिरीजमध्ये बरोबर ४ होतात. ड्युअल ४ वाला २ ओहम झेपणाऱ्या मोनोवर मस्त चालतो.

आणि बॉक्सवरच्या वॅटवर जाऊ नका, अ‍ॅम्पवरचा फ्यूज बघा. वर २००० वॅट छापलंय आणि फ्यूज एकच, ३० अँपिअरचा. ३० गुणिले १३.८ म्हणजे आत जाणारेच ४१४ वॅट, बाहेर २००० कुठनं येणार?