टेबलटॉप रोलर प्रेस : एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यावर

चित्र आणि ओव्या एकाच लिनोवर (ठसा कोरायच्या लिनोलियमच्या मऊ पत्र्यावर) कोरून पंचतंत्राची पंचवीस प्रतींची आवृत्ती काढणाऱ्याला हा प्रेस पुरेसा आहे. रोलर भक्कम, चाक हलकं. पण दाबाच्या दोन्ही बोल्टवर एकही खूण नाही, आणि दोन तारे तिथेच गेले.

चित्रात हा दोष लपतो. ‘मित्रभेदा’तल्या सिंहाची आयाळ एका बाजूला भुरकट आली तरी खपून जाते. देवनागरीत नाही खपत. शिरोरेषा डावीकडे भरीव आणि उजवीकडे तुटक दिसली, की एका बाजूचा बोल्ट जास्त आवळलाय हे लांबूनही कळतं. बोल्ट एम-१२ चे, म्हणजे १२ मिमी जाडीचे, आटा १.७५ मिमीचा, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात बोल्ट तेवढा सरकतो. म्हणजे पाव फेऱ्यात रोलर ०.४४ मिमी खाली! एवढ्या फरकाने ओवीच्या शेवटचे काने-मात्रे गायब होतात. विक्रेत्याचं उत्तर, ‘अंदाजाने लावा.’ एवढे पैसे मोजून अंदाज कशाला? जळगाव एमआयडीसीतल्या लेथवाल्याने २४ खुणांच्या दोन पितळी चकत्या करून दिल्या. एक खूण म्हणजे साधारण ०.०७ मिमी. रोलरखाली दोन्ही टोकांना लिनोचे सारखे तुकडे ठेवून बोल्ट टेकवायचे, तिथे शून्य धरायचं.

सोबत येणारा नमदा (कागदावर टाकायचं लोकरीचं जाड कापड) लिनोला वापरू नका. तो कागद खाचांत ढकलतो आणि ‘ळ’, ‘क्ष’ची पोटं बुजतात. गुळगुळीत पुठ्ठा आणि न्यूजप्रिंटचे दोन कागद बस झाले. ठशाच्या दोन्ही कडांना ३.२ मिमी लिनोच्याच लांब पट्ट्या हव्यातच. नाहीतर रोलर ठशावर चढताना ठसा सरकतो आणि पहिली ओळ दुहेरी उमटते.

खान्देशातल्या मे महिन्यात पाण्याची शाई ती पसरायच्या काचेवरच वाळते, तेलाचीच घ्या. ती उन्हाने सैल पडली तर शाई घट्ट करणारी मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड चिमूटभर घोटा. दोन रंगांच्या पानांना कागद कोरडाच ठेवा. ओलावलेला कागद दुपारच्या झळांत आकसतो, मग दुसरा ठसा जुळत नाही. पावसाळ्यात उलट शाई वाळायला आठवडा लागतो, पानं एकावर एक रचू नका.

चकत्या बसल्यापासून मत बदललं. माकड-मगरीचं दोन रंगांचं पान शेवटच्या प्रतीपर्यंत रेषेला रेष जुळलं. तीनाचे चार तारे केले. पाचवा देणार नाही, चकत्यांचा खर्च कंपनीने करायला हवा होता. घेण्याआधी बोल्टचा आटा विचारून घ्या.