तापणारी गाडी आणि ओबीडी डोंगल: काही महिने वापरल्यानंतर

गाडी २०१४ची पेट्रोल हॅचबॅक. मार्चच्या शेवटी तिने एकच नाटक सुरू केलं. हिंजवडीच्या संध्याकाळच्या गर्दीत तापमानाचा काटा वर चढायचा, आणि बायपासला लागून जरा वेग घेतला की मुकाट्याने खाली. एका गॅरेजचं मत, रेडिएटर चोक झालाय, नवीनच टाका. दुसरीकडे म्हणाले, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकू आणि फॅन डायरेक्ट करून डॅशबोर्डला बटण देऊ. दोघांपैकी कुणीही तापमान मोजलं नव्हतं. त्या वैतागात हजाराच्या आतलं एक ब्लूटूथ ओबीडी डोंगल मागवलं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि बिघाडाचे कोड फोनवर दाखवणारं छोटं यंत्र. उन्हाळा आणि जवळजवळ सगळा पावसाळा वापरून झाल्यावर लिहितोय.

जोडायला काही नाही. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात खोचायचं, फोनशी पेअर करायचं आणि ॲपमध्ये ‘कूलंट टेंपरेचर’चा आकडा मोठा करून ठेवायचा. मी टॉर्क आणि कार स्कॅनर ही दोन्ही ॲप वापरून पाहिली. तापमान बघण्यापुरतं कुठलंही चालतं.

पहिल्याच दिवशी कळलं की डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबून उपयोग नाही. ॲपमध्ये आकडा ८४ वरून १०३ पर्यंत गेला तरी काटा बरोब्बर मध्यावर ठाण मांडून. बऱ्याच कंपन्या काटा मुद्दाम असा बसवतात, म्हणजे दोन-पाच अंशांच्या चढउताराने गिऱ्हाईक घाबरत नाही. माझ्या गाडीत काटा हलेपर्यंत आकडा ११०च्या पुढे गेलेला असतो. काही नव्या गाड्यांत तर काटाच नसतो, फक्त निळा आणि लाल दिवा.

आता मूळ दुखणं. चालत्या गाडीत समोरून येणारा वाराच रेडिएटर गार करतो, फॅनचं काम गाडी थांबल्यावर. त्यामुळे गर्दीत तापणारी आणि हायवेवर निवणारी गाडी असेल तर आधी फॅनकडे बघायचं. हायवेवर, चढाला तापत असेल तर मग रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट. दुसरी खूण एसीची होती. सिग्नलला कोमट हवा, चालत्या गाडीत गार. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच बसतो, त्यालाही तोच फॅन लागतो. एवढं असूनही रेडिएटर बदलायला निघालेल्या माणसाला काय म्हणावं!

डोंगलकडून माझी अपेक्षा होती की ते कोड दाखवेल आणि विषय संपेल. एकही कोड आला नाही. हे विकत घेण्याआधी नीट समजून घ्या. माझ्यासारख्या साध्या रिलेवाल्या गाडीत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) फक्त रिलेच्या, म्हणजे फॅनला करंट सोडणाऱ्या स्विचच्या, कॉइलवर लक्ष ठेवतो. ते सर्किट तुटलं तर पी०४८० हा कोड येईल. पण रिलेच्या पुढे फॅनच्या मोटरमधले कार्बन (मोटरला करंट पोचवणारे ब्रश) घासून संपले असले तर ईसीयूला त्याचा पत्ता नसतो. त्याने हुकूम सोडला, त्याचं काम झालं.

उपयोग झाला तो वेगळ्या रीतीने. इंजिन थंड असताना कूलंट सेन्सरचा प्लग काढला आणि इग्निशन चालू केलं. स्क्रीनवर उणे ४०, म्हणजे सेन्सर तुटल्याचं ईसीयूला कळलं. अशा वेळी बऱ्याच गाड्या खबरदारी म्हणून फॅन पूर्ण वेगात सोडतात. माझ्या गाडीत रिलेचा ‘टक’ आवाज आला, फॅन ढिम्म. म्हणजे हुकूम देणारा ठीक, रिलेची कॉइलही ठीक. फ्यूजबॉक्समधला तसाच दुसरा रिले काढून तिथे लावला, फरक नाही. फॅनच्या प्लगवर टेस्ट लॅम्प धरला, २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब आणि दोन वायरी, बास. लख्ख पेटला. इथे मल्टिमीटरपेक्षा बल्ब बरा, कारण गंजलेल्या जोडातूनही मीटर १२ व्होल्ट दाखवतो. बल्ब करंट ओढतो, त्यामुळे कच्चा जोड बऱ्याचदा उघडा पडतो. मग प्लग परत लावून मोटरच्या पाठीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकलं आणि पंखा भर्रकन फिरला. कार्बन गेलेत, याहून स्पष्ट खूण नाही. (बोटं आणि ओढणी-मफलर लांब ठेवा. हा पंखा चावी काढल्यावरही अचानक सुरू होऊ शकतो.)

मोटर नवीन बसवली, रेडिएटर जुनाच. तेव्हापासूनचा आलेख करवतीच्या दातांसारखा आहे: ९७ला फॅन चालू, ९१ला बंद. मे महिन्यात एसी लावून खंबाटकी चढलो. वर पोचताना १०२, उतारावर ९०. याआधी १०२ बघून मी गाडी बाजूला घेतली असती. पण सिस्टीम बंदिस्त असते. रेडिएटरची कॅप ०.९ बार दाबाची असेल तर साधं पाणीसुद्धा ११८च्या आसपास उकळतं, कूलंट त्याच्याही पुढे. अट एवढीच की कॅपचं रबर धड असायला हवं, आणि तापलेल्या इंजिनाची कॅप कधीही उघडायची नाही.

थर्मोस्टॅट काढण्याबद्दल मला शंका होतीच, तीही फिटली. एका मित्राच्या गाडीतला असाच ‘कायमचा इलाज’ म्हणून काढला होता. तिला डोंगल लावलं तर हायवेवर आकडा सत्तरीच्या आतच. इंजिन अजून थंड आहे असं समजून ईसीयू जास्त पेट्रोल सोडत राहतो. ॲव्हरेज पडलंय म्हणून तो पेट्रोल पंप बदलत फिरत होता, आज इथे भर, उद्या तिथे.

तक्रारी आहेतच. ब्लूटूथ मधूनच सुटतं, नेमकं घाटात. सॉकेटला कायम बॅटरीचा सप्लाय असतो, त्यामुळे गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर काढून ठेवा, नाहीतर सकाळी धक्का मारायला माणसं शोधा. आणि सगळ्यात धोक्याची मर्यादा: कूलंटच गळून गेलं असेल तर सेन्सर हवेत लटकतो आणि आकडा खोटा, कमी दाखवतो. आकडा छान दिसतोय म्हणून बॉटलमधली लेव्हल बघणं सोडायचं नाही. बॉटलमध्ये बुडबुडे येत असतील किंवा ऑइल दुधाळ चहासारखं दिसत असेल तर हेड गॅस्केटची (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या सीलची) शंका घ्या. ते डोंगल सांगत नाही.

पॅकेटवर ‘ईएलएम३२७ व्हर्जन १.५’ छापलेलं असतं, हे डोंगलमधल्या चिपचं नाव. मूळ कॅनेडियन कंपनीने १.५ कधी काढलंच नव्हतं, म्हणजे हा नक्कल माल. तापमान बघायला माझ्याकडे तो बिनतक्रार चालतोय. एबीएस, एअरबॅगचे कोड वाचायचे असतील तर मात्र जास्त पैसे मोजावे लागतील. आयफोन असेल तर साध्या ब्लूटूथचं डोंगल जोडलंच जात नाही, वायफाय किंवा बीएलईवालं (ब्लूटूथ लो एनर्जी) घ्या.