रेनॉक्स डीसीआर-250 : कीबोर्डच्या स्विचचं पोट दाखवणारं भिंग

मेकॅनिकल कीबोर्डच्या स्विचमधली सोनेरी पट्टी, स्टेमच्या (कळीबरोबर खाली-वर होणाऱ्या दांड्याच्या) पायावरचा उंचवटा, स्प्रिंगच्या वेढ्यांवर बसलेलं ग्रीस यांचे फोटो काढायचे असतील आणि हाताशी 55-250 किंवा 70-300 झूम असेल, तर महागडी मॅक्रो लेन्स घेण्याआधी लेन्सच्या पुढे बसवायचं हे जोडभिंग घ्या. अख्ख्या कीकॅपचे फोटो हवे असतील तर मात्र हे घेऊ नका, त्यासाठी याचंच धाकटं भावंड डीसीआर-150 बरं.

कारण सरळ गणितात आहे. डीसीआर-250 ची ताकद 8 डायॉप्टर, म्हणजे नाभीय अंतर 125 मिमी. मागची लेन्स अनंतावर फोकस केली की तिचं नाभीय अंतर भागिले 125 एवढं मोठेपण मिळतं. 250 मिमीला 2 पट, 200 ला 1.6 पट, 135 ला जेमतेम 1.1 पट. कॅननच्या एपीएस-सी सेन्सरची रुंदी 22.3 मिमी, त्यामुळे 2 पटीला चौकटीत फक्त 11 मिमी मावतात. चेरी एमएक्स घराण्याच्या स्विचचं वरचं घर साधारण 15.6 मिमीचं असतं. चौकटीची उंची रुंदीपेक्षा कमी असते, म्हणून अख्खा स्विच हवा तर झूम 115 च्या आसपास आणा, नुसती संपर्काची पट्टी हवी तर 250 ला न्या. 100 च्या खाली गेलात की कोपरे काळे पडू लागतात, म्हणून 18-55 वाल्यांनी यावर पैसे घालू नयेत.

साध्या एकभिंगी क्लोज-अप फिल्टरपेक्षा हे बरंच सरस आहे. यात तीन भिंगं दोन गटांत बसवली आहेत, त्यामुळे सोन्याच्या चकचकीत कडेला येणारी जांभळी झालर खूपच आटोक्यात राहते. एफ/8 ला मधला भाग टोकदार येतो, कोपरे थोडे मऊ. एफ/16 ला विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) सगळंच मऊ होतं, तेव्हा खोलीसाठी ॲपर्चर मिटत बसू नका, स्टॅकिंग करा, म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत काढलेल्या अनेक फ्रेम जोडून एक फोटो बनवा. एक्स्टेन्शन ट्यूबचा (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामधल्या पोकळ नळीचा) विचार असेल तर 50 मिमी लेन्सला 36 मिमीची ट्यूब लावून 0.7 पटच वाढ मिळते आणि उजेडही घटतो. भिंगाने उजेड जवळजवळ घटत नाही.

बसवणी हा याचा कच्चा दुवा. सोबत येणारा चिमट्याचा अडॅप्टर 52 ते 67 मिमी फिल्टरच्या लेन्सवर पटकन बसतो, पण शंभर फ्रेमचा स्टॅक चालू असताना तो किंचित सरकला तर सगळी मेहनत वाया. भिंगाच्या मागे 43 मिमीची आटी आहे. 58 मिमी फिल्टरच्या लेन्सला 58 वरून 43 करणारी स्टेप-डाउन रिंग लावून भिंग थेट पिळून बसवा. खर्च किरकोळ, फरक मोठा.

2 पटीला एफ/8 वर धारदार येणारी जाडी अंदाजे 0.08 मिमी. म्हणून दोन फ्रेममधलं अंतर 0.05 मिमी ठेवा. कॅमेरा पुढे-मागे सरकवणाऱ्या रेलच्या स्क्रूची चाल (एका फेऱ्यात सरकणारं अंतर) 1 मिमी असेल तर एका वेळी विसावा हिस्सा फेरा. स्विचच्या खालच्या घरात वरच्या कडेपासून तळापर्यंत 5 मिमी खोली धरली तर 100 फ्रेम होतात. रेल नेहमी एकाच दिशेने फिरवा, मागे घेतली की आट्यांमधली ढिलाई पावलं चुकवते. लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद, 2 सेकंदांचा टायमर, शक्यतो फ्लॅश.

स्प्रिंगचा स्टॅक सर्वांत जास्त दगा देतो. पुढचा वेढा मागच्या वेढ्यावरून जातो आणि फ्रेम जोडण्याच्या डेप्थ मॅप पद्धतीत त्या छेदावर धुरकट वलय उमटतं. त्यासाठी स्टॅकिंगच्या सॉफ्टवेअरपैकी झेरीन स्टॅकरमध्ये पीमॅक्स किंवा हेलिकॉन फोकसमध्ये पद्धत सी वापरा. स्टेमच्या गुळगुळीत प्लास्टिकला मात्र डेप्थ मॅपच चांगला, रंग स्वच्छ राहतो आणि दाणे वाढत नाहीत.

भिंगापासून वस्तू 11-12 सेंमीवर राहते, त्यामुळे उजेड घालायला जागा भरपूर. बटर पेपरची नळी करून स्विचभोवती उभी करा आणि फ्लॅश बाहेरून मारा. प्लास्टिकची चमक मारायला फ्लॅशवर आणि लेन्सवर आडवे-उभे पोलरायझर लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. स्टेम, कीकॅपला तो ठीक, पण धातूला नाही: धातूवरून परतणारा प्रकाश ध्रुवितच राहतो, अडवला जातो आणि स्प्रिंग कोळशासारखी काळी येते.

हे सगळं जमलं की भिंगाचं खरं मोल कळतं. चेरीच्या एमएक्स रेड या स्विचच्या स्टेमचा पाय सरळ उतरता दिसतो, ब्राउनच्या पायावर तो टंकताना बोटाला जाणवणारा उंचवटा उठून दिसतो. बाजूने, अगदी खालून उजेड टाकला तर साच्याच्या जोडाची रेषाही दिसते. क्रायटॉक्स 205जी0 हे ग्रीस नीट लावलं असेल तर पातळ थर जेमतेम ओलसर भासतो. पायावर पांढरे दुधाळ गोळे दिसले तर ग्रीस जास्त झालं आहे, आणि ब्राउनसारख्या स्विचचा उंचवटा त्यामुळेच मंदावतो. ग्रीस लावणाऱ्यांनी निव्वळ तपासणीसाठीही हे भिंग ठेवण्यासारखं आहे.

धूळ मात्र निर्दयपणे दिसते. प्रत्येक स्टॅकआधी हवेच्या पंपाने फुंकर घाला. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे बारीक थेंब सोन्यावर डाग म्हणून उमटतात. पुढच्या 49 मिमी आटीवर साधा फिल्टर लावून ठेवला तर भिंगही वाचतं.

डीसीआर-150 ची ताकद 4.8 डायॉप्टर, म्हणजे 208 मिमी. 250 च्या झूमवर 1.2 पट, आणि वस्तू जवळपास 20 सेंमी लांब. 18 मिमीची कीकॅप झूम थोडा मागे घेऊन आरामात मावते.