पोस्टफिक्सची ‘मेल अडकलाय’ सूचना: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पोस्टफिक्स या मेल सर्व्हर प्रोग्रॅमची ओळख, ते कसं बसवायचं, हे इथे नाही. ज्यांच्याकडे ते आधीच चालू आहे आणि ज्यांना ऑफिसातून ‘माझा मेल गेला का हो?’ असे फोन येतात, त्यांच्यासाठी हे.

आधी तक्रार. समोरचा सर्व्हर बंद असला की पोस्टफिक्स मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं, आणि हे काम ते चोख करतं. पण ज्याने मेल पाठवला त्याला याची खबर नसते. डिले_वॉर्निंग_टाइम (किती वेळ अडकल्यावर पाठवणाऱ्याला सूचना द्यायची) मुळात शून्य, म्हणजे बंद असतं आणि मॅक्सिमल_क्यू_लाइफटाइम (मेल रांगेत किती काळ ठेवायचा) ५ दिवस. शुक्रवारी पाठवलेलं कोटेशन पोचलंच नाही, हे बुधवारी बाउन्स, म्हणजे मेल परत आल्याचा निरोप, आल्यावर कळतं. मधल्या सोमवारी निविदेची मुदत संपलेली असते. बैल गेला आणि झोपा केला.

उपाय एका ओळीचा आहे. मेन.सीएफ या मुख्य सेटिंग फाइलमध्ये डिले_वॉर्निंग_टाइम ४ तास करायचं आणि पोस्टफिक्स रीलोड. पण त्या घडीला रांगेत असलेल्या मेलना ही सेटिंग लागत नाही. सूचनेची वेळ क्लीनअप हा प्रोग्रॅम मेल आत घेतानाच त्यावर लिहून ठेवतो. म्हणून बदल केल्यावर जुन्या अडकलेल्या मेलकडे बघत ‘चालत नाही’ म्हणू नका. थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये डिलिव्हरी स्टेटसची (मेलचं काय झालं ते कळवा अशी) खूण करणाऱ्यांचीही या सेटिंगपासून सुटका नाही. विलंबाची सूचना मागितली तरी सर्व्हरवर ही वेळ शून्य असेल तर काही येत नाही.

किती तास ठेवायचे? १५ मिनिटं ठेवली तर ग्रेलिस्टिंग करणाऱ्या प्रत्येक सर्व्हरमुळे उगाच बोंब होते, कारण तिथे पहिला मेल मुद्दाम थोपवतात आणि थोड्या वेळाने घेतात. शिवाय सूचना घड्याळाच्या ठोक्यावर निघत नाही. ती वेळ उलटून गेल्यावरचा पहिला प्रयत्न फसला की निघते. दोन प्रयत्नांमधलं अंतर मेलच्या वयाबरोबर ३०० सेकंदांपासून ४००० सेकंदांपर्यंत, म्हणजे साधारण ६७ मिनिटांपर्यंत वाढतं. १ तास लिहिलात तरी सूचना सव्वा-दीड तासाने येऊ शकते. पोस्टसुपर या कमांडने होल्डवर टाकलेल्या, म्हणजे रोखून ठेवलेल्या मेलवर प्रयत्नच होत नाहीत, त्यामुळे त्याची सूचनाही नाही. सूचनेबरोबर मूळ मेलची फक्त हेडर परत येतात, २० एमबीची जोडपत्रं नाहीत, हे मात्र छान.

आता खरं दुखणं: सूचनेचा मजकूर. पाठवणारा ‘मेलर-डीमन’, विषय इंग्रजीत ‘डिलेड मेल’. आत हॅश चिन्हांच्या चौकटीत ‘ही केवळ सूचना आहे, पुन्हा पाठवायची गरज नाही’ असं ठळक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असतं. वाचतं कोण? मेलर-डीमन दिसला की माणूस मेल परत पाठवतो, मग तिसऱ्यांदा. समोरचा सर्व्हर सुरू झाला की ग्राहकाला एकच बिल तीनदा.

म्हणून साचा मराठीत करा, खर्च शून्य. बाउन्स.सीएफ या साच्यांच्या फाइलमध्ये डिले_टेम्प्लेट लिहायचं, मेन.सीएफमधल्या बाउन्स_टेम्प्लेट_फाइल या सेटिंगमध्ये तिचा पत्ता द्यायचा, आणि रीलोडच्या आधी पोस्टकॉन्फ -बी ही कमांड चालवून मजकूर कसा दिसतो ते पाहायचं. कॅरॅक्टर सेट यूटीएफ-८ केला की मजकुरात देवनागरी चालते. हेडरमध्ये मात्र फक्त आस्की, म्हणजे साधी रोमन अक्षरं चालतात, त्यामुळे विषय सरळ देवनागरीत लिहिता येत नाही. साचा संपल्याची खूण असलेली ईओएफची शेवटची ओळ डावीकडे चिकटूनच हवी. तासांचा व्हेरिएबल वापरलात आणि वेळ ३० मिनिटं असली तर मजकुरात ‘० तास’ छापून येतं. तिथे मिनिटांचा वापरा. पहिलं वाक्य असं ठेवा: ‘तुमचा मेल आमच्याकडे सुरक्षित आहे, आम्ही पाठवत राहू, तुम्ही पुन्हा पाठवू नका.’ मेल का अडकला ते त्याच्या खाली.

आमचं आधीचं एक मत इथे बदलावं लागतं. ‘अडकलाय’ सांगतं, पण ‘सुटला’ सांगत नाही, ही तक्रार चुकीची निघाली. कन्फर्म_डिले_क्लिअर्ड चालू केलं की अडकलेला मेल गेल्यावर तेही कळवलं जातं. मुळात ते बंद असतं, आणि कारण रास्त आहे: इंटरनेट बराच वेळ बंद राहून परत आलं की अशा निरोपांचा एकदम लोंढा येतो. पंधरा-वीस जणांच्या ऑफिसात तो सोसतो. मोठ्या ठिकाणी नको.

बाहेरचा मेलही याच सर्व्हरवर येत असेल, विशेषतः तो कुणाचा बॅकअप एमएक्स (दुसऱ्याचा मुख्य सर्व्हर बंद असताना त्याचा मेल घेणारा) असेल, तर मेन.सीएफमध्ये ही वेळ लिहू नका. स्पॅमवर पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा असतो. ‘मेल अडकलाय’ ही सूचना त्या निरपराध माणसाकडे जाते आणि तुमचा सर्व्हर काळ्या यादीत जाण्याची वाट मोकळी होते. मास्टर.सीएफ या पोस्टफिक्सच्या सेवांच्या फाइलमध्ये सबमिशनला (आपल्या लोकांचा मेल घेणाऱ्या सेवेला) क्लीनअप_सर्व्हिस_नेम देऊन वेगळा क्लीनअप लावा आणि वेळ फक्त त्यालाच द्या. यात दोन खाचा आहेत. सेंडमेल कमांडने जाणारा स्क्रिप्टचा मेल पिकअप या वेगळ्या सेवेतून जुन्याच क्लीनअपकडे जातो, म्हणून त्याला सूचना नाही. आणि साच्यातले तास मेन.सीएफमधून वाचले जातात, तिथे शून्य आहे. आकडा हातानेच लिहा.

समोरच्या सर्व्हरने २५० (‘मिळाला’ असं सांगणारा आकडा) म्हणून मेल घेतला की आपलं काम संपलं. त्यापुढे त्याच्या रांगेत तो दोन दिवस पडून राहिला तरी आपल्याकडून शब्द निघत नाही. हा पोस्टफिक्सचा दोष नाही, पण ‘सूचना आली नाही म्हणजे पोचला’ असं समजणाऱ्यांना हे एकदा सांगून ठेवलेलं बरं.

राहिलेली खटकणारी गोष्ट एकच: सूचना एका मेलमागे एकदाच. चौथ्या तासाला कळवलं की पाचव्या दिवसाच्या बाउन्सपर्यंत चिडीचूप. दुसऱ्या दिवशी पुन्हा आठवण करून द्यायची सोय नाही. आरएफसी ५३२१ हे मेल पाठवण्याच्या नियमांचं मानक निदान ४-५ दिवस प्रयत्न करा म्हणतं, पण शनिवार-रविवार धरून ३ दिवस पुरतात. आमच्याकडे मॅक्सिमल_क्यू_लाइफटाइम तेवढंच आहे आणि बाउन्स_क्यू_लाइफटाइम (बाउन्सचे निरोप स्वतःच अडकले तर किती काळ ठेवायचे) १ दिवस. उरलेल्यासाठी रोज सकाळी मेलक्यू, म्हणजे अडकलेल्या मेलची यादी बघायची.