बीटा रेव्ह-३ २५० : सेकंडहँड ट्रायल्स गाडी, सात महिन्यांच्या वापरानंतर

बीटा या इटालियन कंपनीची रेव्ह-३ ही ट्रायल्सची, म्हणजे वेगापेक्षा तोल जोखणाऱ्या स्पर्धेची मोटरसायकल. ही बसायची गाडी नाही. सीट नावालाच आहे, पेट्रोलची टाकी जेमतेम तीन लिटरची आणि एकूण वजन सत्तर किलोच्या आसपास. उभं राहून चालवायचं, खडक, ओढा, चिखल पार करायचा, आणि पाय टेकला की गुण पडतात: एकदा टेकला १, दोनदा २, त्यापुढे कितीही वेळा टेकला तरी ३, आणि गाडी पडली किंवा अडकली तर ५. ज्याचे गुण कमी तो पुढे. ब्रिटनमध्ये क्लबांच्या रविवारच्या ट्रायलमध्ये नवशिक्यांसाठी सोपा मार्ग वेगळा आखलेला असतो. हा अनुभव तशाच वापरातला आहे: महिन्यातून दोन-तीन रविवार, उत्तर इंग्लंडातला चिखल आणि ओला दगड. २००९ साली एव्हो आली, त्याआधीची बीटाची गाडी म्हणजे ही रेव्ह-३. पाण्याने थंड होणारं टू-स्ट्रोक इंजिन, मिकुनी कार्ब्युरेटर, बॅटरी नाही, किक मारायची.

एवढ्या जुन्या गाडीच्या तक्रारी कंपनीच्या नसतात, आधीच्या मालकाने काय टाळलं त्याच्या असतात. नवशिका मात्र गाडी नीट चालली नाही की पहिल्यांदा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कार्ब्युरेटरलाच भिडतो. सात महिन्यांत सापडलेल्या दोषांपैकी दोन कार्ब्युरेटरमधले निघाले, बाकी सगळे दुसरीकडचे.

घेताना काय बघायचं? फ्रेम नंबर खोडलेला नाही ना, ते आधी. मग गाडी स्टँडवर चढवून मागचं चाक हाताने वर उचलायचं. स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारी दांडी, हलण्याआधी 'टक' असा ढिलेपणा जाणवला तर लिंकेजची, म्हणजे ती दांडी शॉक अ‍ॅब्सॉर्बरला जोडणाऱ्या सांध्यांची, निडल बेअरिंगं गेलीत. ही बेअरिंगं खाली, चिखलात असतात आणि वर्षानुवर्षं कोणी ग्रीस लावत नाही. दोन बोल्ट काढले की कळतं: ग्रीसच्या जागी लाल गंज. किट फार महाग नसतं, पण गंजलेला बोल्ट आत अडकला तर पूर्ण दिवस जातो. चेनच्या खालचा प्लॅस्टिकचा स्लायडर झिजून चेन थेट स्विंगआर्म घासते का, तेही वाकून बघा. आणि गिअरबॉक्सचं ऑइल. दुधाळ, चहासारखं दिसलं तर वॉटर पंपाचं सील गेलंय, कूलंट आत उतरतंय. नुसतं सील बदलून भागत नाही. शाफ्टवर नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर नवं सीलही महिन्याभरात गळतं, शाफ्टही बदलावा लागतो.

सर्वांत जास्त छळतो तो क्लच. थंड गाडी सुरू करून पहिल्या गिअरमध्ये टाकली की ती लिव्हर दाबलेला असतानाही पुढे उडी मारते किंवा बंद पडते. या काळातल्या बऱ्याच ट्रायल्स गाड्यांत हे दिसतं. रात्रभर उभी राहिली की प्लेटी एकमेकींना चिकटतात. तात्पुरता उपाय: इंजिन बंद ठेवून दुसऱ्या गिअरमध्ये टाका, क्लच दाबा आणि गाडी पुढे-मागे ढकला. 'चक' असा आवाज येऊन चाक मोकळं झालं की न्यूट्रल करून किक मारा. दोन-तीन मिनिटं गरम होऊ द्या, मगच पहिला गिअर.

कायमचा उपाय एका संध्याकाळचा आहे. गाडी डाव्या बाजूला आडवी झोपवली की ऑइल काढावं लागत नाही. आधी पेट्रोल कॉक बंद करा, टाकी कमी भरलेली असू द्या. उजवीकडचं कव्हर उघडा, स्प्रिंगचे बोल्ट एकाआड एक थोडे-थोडे सैल करा, प्लेटी ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने फडक्यावर मांडा. घर्षणाच्या प्लेटीवर जे तुकडे चिकटवलेले असतात, त्यांच्या मधल्या खोबणीत जास्तीचा गोंद साचून कडक झालेला दिसेल. तेलाचा रस्ताच त्याने अडवलेला असतो. बारीक कानस किंवा जुन्या हॅक्सॉ ब्लेडच्या टोकाने तो खरवडायचा, तुकड्यांना धक्का न लावता. पोलादी प्लेटी काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून गोल फिरवून घासायच्या. जिथे चकाकी येत नाही तिथे प्लेट वाकलेली आहे. प्लेटी ज्यात बसतात त्या बास्केटच्या दात्यांवर प्लेटींनी खाचा पाडल्या असतील तर कानशीने कडा हलक्या गुळगुळीत करा, खोल खाच असेल तर बास्केट बदला. बसवताना कव्हरचं गॅस्केट नवं ठेवा. गिअरबॉक्समध्ये ट्रान्समिशन फ्लुइड, म्हणजे एटीएफ, घातलं की क्लच हलका आणि स्वच्छ सुटतो. कारच्या इंजिनात घालायचं जाड तेल घातलं तर सगळी मेहनत पाण्यात. अर्धा लिटरच्या आसपास लागतं, आकडा मॅन्युअलमध्ये बघूनच भरा. चिखलातल्या वापरात चार-पाच राइडनंतर ते बदलणं स्वस्तात पडतं.

हायड्रॉलिक क्लचच्या टाकीचं झाकण वाचल्याशिवाय त्यात काही ओतू नका. मिनरल ऑइलच्या सिस्टिममध्ये डॉट ४ ब्रेक ऑइल गेलं की सीलं फुगतात, आणि उलट घोळही तितकाच वाईट.

पेट्रोलमध्ये तेल मिसळणं, हे जुन्या बजाज स्कूटर किंवा आरएक्स १०० हाताळलेल्यांना नवं नाही. फक्त प्रमाण वेगळं. ट्रायल्सचं इंजिन बराच वेळ कमी वेगात चालतं, तेल जास्त झालं तर जळत नाही, सायलेन्सरमध्ये काळं डांबर होऊन साचतं. पूर्ण सिंथेटिक तेल ८० ला १ पुरतं, म्हणजे पाच लिटर पेट्रोलला ६२ मिली. इंजिनचा इतिहास माहीत नसेल तर पहिले दोन महिने ६० ला १ ठेवा: पाच लिटरला ८३ मिली. ब्रिटनमध्ये साधं पेट्रोल २०२१ पासून ई१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं, आहे. ते कार्ब्युरेटरमध्ये महिनाभर पडून राहिलं की ओलावा धरतं आणि पायलट जेटमध्ये, म्हणजे कमी वेगाला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, हिरवट थर बसतो. राइड संपली की कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या.

आता इंजिनची लक्षणं. गाडी चोकवरच चालते, चोक ढकलला की बंद: पायलट जेट तुंबलंय. तार घालू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेच्या दाबाने साफ करा. ओव्हरफ्लो नळीतून पेट्रोल टपकतं: कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची सुई घाण किंवा झिजलेली. एवढे दोनच दोष खरंच कार्ब्युरेटरचे निघाले. त्यानंतर हवेचा स्क्रू पूर्ण आत टेकवून दीड फेरा बाहेर काढायचा आणि गरम इंजिनवर अर्धा-अर्धा फेरा इकडे-तिकडे करून बघायचं. एवढंच ट्यूनिंग.

मूठ सोडल्यावर रेस लगेच खाली येत नसेल तर मात्र कार्ब्युरेटर उघडण्याआधी बाहेरची हवा कुठून आत येते ते शोधा: रबरी जोड तडकलेला, क्लॅम्प ढिला, नाहीतर फ्लायव्हीलच्या बाजूचं क्रँक सील गेलेलं. खात्रीची परीक्षा दाबाची आहे. एक्झॉस्ट आणि इनटेक रबराच्या बुचाने बंद करून सुमारे ६ पीएसआय हवा भरा. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरली तर गळती आहे, साबणाचे बुडबुडे जागा दाखवतात. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर वेगळाच प्रकार: इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल पितं, गरम झाल्यावरही पांढरा-निळा धूर थांबत नाही आणि ऑइल हळूहळू कमी होत जातं. धूर गोडसर वासाचा, कूलंट कमी होतंय आणि ऑइल मात्र स्वच्छ, असं दिसलं तर हेडखालची ओ-रिंग बघा.

खालच्या वेगात ठीक, पण मूठ पूर्ण उघडली की आवाज गुदमरल्यासारखा येतो. बहुतेक लोक इथे मेन जेट, म्हणजे मूठ पूर्ण उघडल्यावर पेट्रोल सोडणारं भोक, बदलतात. आधी सायलेन्सर उघडा: आतलं पॅकिंग तेलाने भिजून गोळा झालेलं असतं. आणि एअर फिल्टर. फोम साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पेट्रोलमध्ये नाही. जोडाचा गोंद सुटतो. पूर्ण वाळल्यावर फिल्टर ऑइल लावून पिळा आणि एअरबॉक्सला टेकणाऱ्या कडेवर ग्रीसचा थर द्या.

पंखा फिरत नसेल आणि रेडिएटरमधून पाणी बाहेर येत असेल तर इंजिन चालू ठेवून पंखा सुरू करणाऱ्या थर्मोस्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडा. पंखा फिरला तर स्विच खराब. नाही फिरला तर कनेक्टर, रेग्युलेटर किंवा पंखाच. बॅटरी नसल्याने इंजिन बंद असताना ही परीक्षा निरुपयोगी आहे, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

हवेचा दाब हा वेगळाच विषय. मागे ४.००-१८ ट्यूबलेस, पुढे २.७५-२१ ट्यूबवाला. मागे ४ ते ५ पीएसआय, पुढे ५ ते ६. कारचा गेज इथे चालत नाही, ० ते १५ पीएसआयचा वेगळा घ्या. एका पीएसआयने पकड बदलते. मागची हवा रात्रीत उतरत असेल तर रिमची कड तारेच्या ब्रशने साफ करा, साबणाचं पाणी लावा, टायर कडेला 'फट्ट' करून बसेपर्यंत ३० पीएसआयपर्यंत भरा आणि मग ५ वर आणा. पुढच्या ट्यूबच्या व्हॉल्व्हचा नट रिमला आवळू नका. कमी दाबात टायर सरकतो आणि आवळलेला व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. सैल ठेवला तर तो तिरका होऊन आधी सूचना देतो.

हँडलबारचा उभा भाग फोर्कच्या रेषेत ठेवा. लिव्हर एका बोटाने दाबता येतील इतके आत सरकवा आणि त्यांच्या क्लॅम्पखाली टेफ्लॉन टेपचे दोन वेढे द्या, म्हणजे पडल्यावर लिव्हर मोडण्याऐवजी फिरतो. पडणं रोजचंच आहे. मनगटाला बांधायची किल स्विचची, म्हणजे पडल्यावर इंजिन बंद करणारी, दोरी ट्रायलमध्ये सक्तीची आहे, पण सरावातही लावा. गाडी उताणी पडली आणि नंतर सुरू होत नसेल तर इंजिनात पेट्रोल शिरलंय: कॉक बंद, मूठ पूर्ण उघडी, सात-आठ किका.

स्प्रिंग चालवणाऱ्याच्या वजनावर ठरते. गाडीवर उभं राहिल्यावर मागचं सस्पेन्शन त्याच्या एकूण प्रवासाच्या सुमारे एक तृतीयांश खाली गेलं पाहिजे. २५० नवशिक्याला जरा तिखट वाटते. मूठ फिरवली तरी हळू उघडणारी थ्रॉटलची नळी आणि फ्लायव्हीलला जास्तीचं वजन, ह्या दोन बदलांनी ती माणसाळते. कुठला एकच करायचा असेल तर थ्रॉटल.

मागच्या ब्रेकचं मात्र सांगायलाच हवं. पेडलला जराही खेळ नसेल तर पिस्टन परत येत नाही, तेल गरम होऊन फुगतं आणि चढावर मधेच चाक जाम होतं. लोक कॅलिपर उघडतात, पॅड बदलतात, आणि गाडी थंड झाल्यावर सगळं ठीक वाटतं. पुशरॉडचा लॉकनट सैल करून पेडलच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटर खेळ ठेवायचा. पाच मिनिटांचं काम, दहा नंबरचा पाना.