मुलांचा मोडलेला जबडा: टोपी की प्लेट?

भाचा सहा वर्षांचा. रंकाळ्याच्या काठावर सायकलवरून पडला तो थेट हनुवटीवर. खालचा जबडा पुढून मोडला. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या.

एक, दातांचं माप घेऊन अ‍ॅक्रिलिकची टोपी करायची, ती दातांवर बसवून जबड्याभोवती तारेनं बांधायची. भूल लागते, पण हाड उघडावं लागत नाही. लहानांचं हाड पटकन जुळतं; दोन-तीन आठवड्यांत टोपी निघते. तोवर पातळ खाणं. तांबडा बंद, पांढरा रस्सा गाळून, आणि प्रत्येक वेळी चूळ.

दुसरी, हाड उघडून टायटॅनियमची प्लेट आणि स्क्रू. पकड पक्की. पण एक्स-रे बघितला आणि माझं मन तिथंच ठरलं. दुधाच्या दातांखाली कायमच्या दातांचे कोंब दाटीनं बसलेले! स्क्रू त्यात घुसला तर तो दात बिघडू शकतो. शिवाय वाढत्या हाडातली प्लेट बऱ्याचदा काढावी लागते, म्हणजे पुन्हा भूल.

तुकडे फार सरकले असतील तर मात्र प्लेटला नाही म्हणू नका.

हनुवटीला मार लागला की कानाजवळचा सांधाही तपासून घ्याच. तो मोडला असेल तर मुलांत बहुतेकदा ऑपरेशन टाळतात आणि तोंड उघडण्याचा व्यायाम लवकर सुरू करतात, नाहीतर सांधा आखडून बसतो.